वांगणीला उतरलेला हरिश्चंद्र

आंबीकडून तळेगावला येऊन मुंबईची गाडी धरली की खंडाळ्याचा घाट उतरून कर्जत लागतं, मग नेरळ, शेलू आणि वांगणी. दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली 'राजा हरिश्चंद्र'च्या बाहेरच्या चित्रीकरणासाठी हेच गाव निवडलं. राजवाडा दादरच्या मथुरा भवनात पडदे रंगवून उभा करता येत होता. रानासाठी मात्र मुंबईबाहेर पडणं भाग होतं.

मंडळी पुढे गेली, फाळके मागून यायचे होते. ढाल-तलवारी, भाले घेतलेले हे परके पुरुष पाहून गावकऱ्यांना ते दरोडेखोरच वाटले. पाटलाने फौजदाराला कळवलं आणि सगळे अडकवले गेले. सिनेमा म्हणजे काय हे सांगून पटणार कसं? सांगतात की फाळके आल्यावर त्यांनी फौजदारासमोर कॅमेरा मांडला आणि आत फिल्म न भरताच एक प्रसंग करून दाखवला. रिकाम्या यंत्राची मूठ फिरत होती आणि नट जीव ओतून काम करत होते. तेव्हा कुठे सुटका झाली!

त्याच मुक्कामात खेळताना छोटा भालचंद्र दगडावर पडला, डोक्याला खोक पडली. तो फाळक्यांचा मुलगा आणि चित्रपटातला हरिश्चंद्रपुत्र रोहिदास. सोबतचे म्हणाले, मुंबईला न्या. फाळक्यांनी मुलगा बेशुद्ध असतानाच रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग टिपला, असं त्यांच्या चरित्रांत येतं. ही जिद्द म्हणून सांगितली जाते. मला मात्र वाचताना त्या पोराचीच काळजी वाटते.

या उद्योगाचा निम्मा भार घरात होता. परदेशातून येणाऱ्या कच्च्या फिल्मला कडेची भोकं नसत. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रात्री अंधारात, बोटांच्या अंदाजाने ती यंत्रावर पाडत. फिल्म धुण्यातही त्यांचा हात असे. त्याशिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. भांडवलासाठी दागिने गेले तेही त्यांचेच. कॅमेऱ्याची मूठ त्र्यंबक तेलंगांच्या हाती होती, राणी तारामती साळुंके नावाचा तरुण झाला होता. त्यांची नावं इतिहासात आली. सरस्वतीबाईंचं नावही त्याच ओळीत हवं, पुरवणीत नव्हे.

सहा महिने सत्तावीस दिवस खपून 3,700 फुटांचा चित्रपट तयार झाला. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात तो लागला, आणि वांगणीचं रान मुंबईने पडद्यावर पाहिलं.