टूरिस्ट व्हिसावर अमेरिकेत लग्न?

“मुलगी मावशीकडे अमेरिकेला फिरायला जातेय. मुलगा तिथलाच आहे, तर तिथंच लग्न उरकून घेतलं तर चालेल का हो?” असं एका आईंनी विचारलंय.

लग्न चालतं. टूरिस्ट व्हिसावर तिथं लग्न करायला बंदी नाही. लग्न करून मुदतीत परत आलं, तर काहीच बिघडत नाही. घोळ होतो तो तिथंच राहून जायचं म्हटलं की. व्हिसा मागताना आपण “फिरून परत येणार” असं सांगितलेलं असतं. पोचल्यापासून ९० दिवसांच्या आत लग्न करून मुलगी तिथंच राहिली, तर ती आधीच ठरवून आली होती, खोटं बोलली, असं तिथलं परराष्ट्र खातं धरू शकतं. मग पुढं अमेरिकेचं दारच बंद होऊ शकतं. विमानतळावर बॅगाही उघडून बघतात. त्यात शालू आणि लग्नपत्रिका निघाल्या तर काय सांगणार?

मुलगा तिथला नागरिक असेल तर के-१ व्हिसा घ्यावा. तो लग्नासाठीच असतो, पोचल्यावर ९० दिवसांत लग्न करायचं. आपल्याकडची बरीच मुलं मात्र एच-१बी वर असतात, त्यांना के-१ लागू नाही. तिथं लग्नानंतर बायकोला एच-४ मिळतो, पण त्यावर सहसा नोकरी करता येत नाही. हे मुलीला आधी सांगा.

आणि तिथं राहून ग्रीन कार्डाचा अर्ज केलाच, तर निकालाआधी परवानगी न घेता देशाबाहेर पडलं की अर्ज सोडून दिला असं सहसा धरतात. इकडे आई आजारी पडली, तरी आधी ती परवानगी हातात लागते.