पहिल्या ओळीत दिलेला शब्द

संगणकात कामांच्या याद्या असतात. अमुक फाईल उघड, तमुक जागी ठेव, मग पुढचं काम सुरू कर. अशा यादीला शेल स्क्रिप्ट म्हणतात, आणि ती वाचून कामं करवून घेणाऱ्या प्रोग्रॅमला शेल. यादी कोणत्या शेलनं वाचायची, हे पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं.

1979 मध्ये बेल लॅब्जच्या युनिक्सबरोबर स्टीफन बोर्न यांचा 'एसएच' हा शेल आला. पुढं शेल वाढले आणि प्रत्येकाची लकब निराळी झाली. म्हणून 'पॉझिक्स' नावाचं प्रमाण ठरलं. ब्रायन फॉक्स यांनी 1989 मध्ये आणलेला 'बॅश' हे प्रमाण जाणतो, पण स्वतःच्या जादा सोयीही देतो. दोन शब्द सारखे आहेत का, हे पाहायला प्रमाणात बरोबरचं एकच चिन्ह होतं. बॅशला दोन दिली तरी चालत.

लिनक्सच्या बहुतेक संगणकांवर 'एसएच' या नावामागं बॅशच बसलेला असे. त्यामुळं पहिल्या ओळीत 'एसएच' आणि आत बॅशची बोली, अशा स्क्रिप्ट बिनबोभाट चालत. ऑक्टोबर 2006 मध्ये उबुंटूनं 6.10 या आवृत्तीत त्या जागी 'डॅश' हा लहान, चपळ शेल बसवला. संगणक लवकर सुरू व्हावा, हा हेतू. डॅशला बॅशची बोली कळेना, आणि कित्येक स्क्रिप्ट अडखळल्या. उबुंटू ज्यावर उभं आहे, त्या डेबियननं आधी स्क्रिप्ट तपासल्या, दुरुस्त केल्या आणि 2011 मध्ये 6.0 आवृत्तीत हाच बदल केला.

घरात दखनी आणि कागदावर मराठी, अशी माझी सवय. त्यामुळं प्रमाणाचा आग्रह ऐकला की मी जरा सावध होतो. पण डेबियनचं धोरण बोलीवर बंदी घालत नाही. 'एसएच' लिहिलंत तर पॉझिक्स आणि धोरणात नोंदलेल्या मोजक्या सवलती, एवढ्यातच राहा. बॅशच्या सोयी हव्या असतील तर पहिल्या ओळीत बॅशचं नाव लिहा, एवढंच ते सांगतं.

आपल्यापैकी कुणी अशा स्क्रिप्ट लिहीत असेल, तर 'चेकबॅशिझम्स' नावाचं साधन त्यातल्या बऱ्याच चुका दाखवून देतं. आपल्या यंत्रावर स्क्रिप्ट चालली, एवढ्यावर थांबू नये. उद्या ती दुसऱ्याच्या यंत्रावर जाणार असते.