आयरिश रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती : गेज, अचूकता आणि इतिहास

प्रस्तावना :
रेल्वे इंजिनाची लहान प्रतिकृती म्हटली की सामान्यतः खेळणे डोळ्यांसमोर येते. परंतु मूळ आराखड्यावरून, ठरावीक प्रमाणात, इंजिनाचा प्रत्येक भाग उतरविण्याचा प्रयत्न जेव्हा केला जातो, तेव्हा त्या कामात गणित, यंत्रशास्त्र आणि इतिहास या तिन्ही ज्ञानशाखा एकत्र येतात. आयर्लंडमधील वाफेच्या इंजिनांच्या प्रतिकृती हे याचे बोलके उदाहरण होय. या प्रतिकृती तयार करताना कोणत्या अडचणी येतात, त्यांचे मूळ कशात आहे आणि त्या सोडविण्याला अभ्यासाच्या दृष्टीने काय महत्त्व आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गेजची ऐतिहासिक पार्श्वभूमी :
दोन रुळांच्या आतील कडांमधील अंतरास गेज म्हणतात. आयर्लंडमधील पहिला लोहमार्ग डब्लिन ते किंग्जटाउन असा १८३४ मध्ये सुरू झाला. त्याचे गेज इंग्लंडप्रमाणे ४ फूट ८½ इंच होते. १८३९ मध्ये बेलफास्टहून निघालेल्या अल्स्टर रेल्वेने मात्र ६ फूट २ इंच गेज स्वीकारले. हे मार्ग पुढे एकमेकांस जोडावयाचे झाल्यास घोटाळा होणार हे उघड होते. म्हणून बोर्ड ऑफ ट्रेडच्या वतीने मेजर जनरल पास्ली यांनी या प्रश्नाचा विचार करून ५ फूट ३ इंच, म्हणजे १६०० मि.मी., हे मधले माप सुचविले. १८४६ च्या गेज कायद्याने तेच आयर्लंडसाठी निश्चित झाले. तडजोडीतून जन्मलेले हे माप आजही तेथे कायम आहे.

प्रमाणाचे गणित :
ब्रिटिश प्रतिकृतिकारांत ‘डबल ओ’ ही पद्धती सर्वाधिक रूढ आहे. तीत मूळ १ फूट म्हणजे प्रतिकृतीत ४ मि.मी. असे प्रमाण असते आणि रूळ मात्र १६.५ मि.मी. गेजचे असतात. या प्रमाणाने इंग्लंडचे गेज १८.८३ मि.मी. हवे, म्हणजे तूट सुमारे १२ टक्के. आयरिश गेज मात्र ५.२५ × ४ = २१ मि.मी. येते. तेथे तूट ४.५ मि.मी., म्हणजे २१ टक्क्यांहून अधिक होते. बाजूने पाहता हा दोष जाणवत नाही. समोरून पाहिल्यास मात्र रुंद अंगाचे इंजिन अरुंद पायांवर उभे असल्यासारखे दिसते. म्हणूनच काटेकोर प्रतिकृतिकार तयार रूळ व चाकांचे आस बाजूला ठेवून २१ मि.मी. गेजवर काम करतात. त्यासाठी आस लांब घ्यावे लागतात, सांगाड्याच्या दोन पट्ट्यांमधील अंतर वाढवावे लागते आणि रूळही स्वतः बसवावे लागतात. भारतीय ब्रॉड गेज (१६७६ मि.मी.) याच प्रमाणात २२ मि.मी. भरते; तेव्हा हाच प्रश्न आपल्याकडील प्रतिकृतिकारासही टळत नाही.

प्रत्यक्ष बांधणी :
ग्रेट सदर्न अँड वेस्टर्न रेल्वेच्या १०१ वर्गातील (पुढे जे-१५) इंजिन नवशिक्यास सोयीचे ठरते. अलेक्झांडर मॅकडॉनेल यांच्या काळात, १८६६ पासून, हा वर्ग अवतरला आणि त्याची एकूण १११ इंजिने बांधली गेली. त्याची सहाही चाके जोडदांड्यांनी एकत्र बांधलेली असून सिलिंडर सांगाड्याच्या आत असतात. त्यामुळे बाहेरील फिरते भाग कमी राहतात. ५ फूट १¾ इंच व्यासाचे चाक प्रतिकृतीत सुमारे २०.६ मि.मी. होते.

प्रथम पितळी किंवा जर्मन सिल्व्हरच्या पत्र्याचा सांगाडा कापून व डाग देऊन चौकोनात उभा केला जातो. जोडदांड्यांच्या छिद्रांतील अंतर आणि आसांमधील अंतर तंतोतंत जुळले पाहिजे. डाव्या व उजव्या बाजूंच्या क्रँकमध्ये ९० अंशांचा कोन असतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती अशी की, हा कोन अंशभर चुकला तरी चालते, पण तो तिन्ही आसांवर सारखाच असला पाहिजे. अन्यथा चाके अडखळतात. वीज रुळांतून चाकांमार्फत मोटारीस मिळते. तिन्ही आस ताठ बसविले तर उंचसखल रुळावर एखादे चाक अधांतरी राहून वीजपुरवठा तुटतो. म्हणून एक आस स्थिर ठेवून उरलेले दोन डोलत्या पट्टीवर टेकविले जातात.

याउलट, १९३९ मध्ये इंचिकोर येथे बांधलेल्या ‘मेव्ह’ वर्गातील तीन सिलिंडरांच्या इंजिनात बाहेरील सिलिंडरांचे दांडे चाकांच्या अगदी लगत फिरतात. २१ मि.मी. गेजवर चाके बाहेर सरकतात आणि ही फट केसाएवढी उरते. अचूकतेची किंमत अशी मोजावी लागते.

प्रतिकृती : एक ऐतिहासिक साधन :
१०१ वर्गातील केवळ दोनच इंजिने, क्रमांक १८४ व १८६, जतन झाली आहेत. त्यांतही १८४ ला जुन्या धर्तीचा, तर १८६ ला नंतरचा बेलपेअर पद्धतीचा बॉयलर आहे. म्हणजे ‘जे-१५ ची प्रतिकृती’ एवढे म्हणणे पुरेसे नाही; कोणत्या क्रमांकाची व कोणत्या वर्षाची, हे सांगावेच लागते. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या १९४८ च्या ‘व्ही एस’ वर्गातील पाचही इंजिने भंगारात गेली. अशा वर्गाचे आकारमान तिन्ही मितींत पाहावयाचे तर प्रतिकृतीशिवाय मार्ग नाही. डब्लिनजवळील मालाहाइड येथे जपलेला सिरिल फ्राय यांचा प्रतिकृतिसंग्रह या दृष्टीने मोलाचा आहे.

मात्र येथेच सावधगिरीही आवश्यक आहे. छायाचित्रात न दिसणारी बाजू प्रतिकृतिकार अनुमानाने भरतो आणि पाहणाऱ्यास ते अनुमान वस्तुस्थितीइतकेच ठाम भासते. लेखात शंका नोंदविता येते. पितळेत ती नोंदविता येत नाही. म्हणून प्रत्येक प्रतिकृतीसोबत आधारभूत आराखडे, निवडलेले वर्ष आणि केलेल्या तडजोडी यांची लेखी नोंद असणे अगत्याचे आहे.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, १८४६ मधील एका प्रशासकीय तडजोडीचा परिणाम आज टेबलावरील साडेचार मिलिमीटरांच्या फरकापर्यंत येऊन पोहोचतो. हा फरक दुर्लक्षिल्यास शोभेची वस्तू तयार होते. तो समजून घेऊन व नोंदवून काम केल्यास अभ्यासाचे साधन तयार होते. महाविद्यालयीन स्तरावर इतिहास आणि पदार्थविज्ञान या विभागांनी संयुक्तपणे असे प्रकल्प हाती घेतल्यास पुराव्याची पारख विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष हातांनी शिकता येईल.