रूट काढलं, रॉम ठेवला



गेल्या महिन्यात एका मित्राकडे श्रीखंड-पुरीचा बेत होता. जेवता जेवता त्याने विचारलं, "जुन्या फोनवर लिनेज टाकावं म्हणतोय, पण त्यासाठी रूट करावं लागणार, आणि रूट केलं की बँकेचं ॲप बंद. मग काय उपयोग?" मी उत्तर द्यायला सुरुवात केली आणि पुऱ्या गार झाल्या. वहिनींनी शेवटी "जेवण झाल्यावर बोला हो" असं सांगितलं, त्यामुळे ते उत्तर अर्धंच राहिलं. ते इथे पुरं करतो. हाच प्रश्न आणखी दोघा-तिघांनी विचारला आहे.

थोडक्यात सांगायचं तर रूट आणि रॉम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीसाठी दुसरी लागत नाही. एवढी साधी गोष्ट कळायला मला तेरा वर्षं लागली आणि ती कळली तेव्हा दहा हजार पौंड पणाला लागले होते.

माझा गैरसमज कुठून आला ते आधी सांगतो. ३० ऑक्टोबर २००८ ला टी-मोबाइलने इथे जी-वन विकायला काढला. महिना चाळीस पौंडांच्या करारावर फोन फुकट. एचटीसीने बनवलेला, स्क्रीन सरकवली की खाली कीबोर्ड, आणि आत ॲंड्रॉइड, जे तोवर कुणी पाहिलंही नव्हतं. आपण आयटीवाले, त्यामुळे घेतला. पंधरा दिवस होत नाहीत तोच त्यातली एक गंमत उघडकीला आली. तुम्ही फोनवर जे काही टाइप कराल, अगदी बायकोला निरोप लिहीत असाल तरीही, ते सगळं मागे चालू असलेल्या एका रूट शेलमध्येही जात होतं! एंटर दाबून इंग्रजीत 'रीबूट' लिहायचं, पुन्हा एंटर, की फोन बंद होऊन परत चालू. इथल्या फोनवर ही चूक आरसी७ आवृत्तीपर्यंत होती, अमेरिकेत आरसी२९ पर्यंत. गूगलने ते भोक लगेच बुजवलं. पण हौशी मंडळी जुनी आवृत्ती मुद्दाम परत चढवून त्याच भोकातून आत शिरत होती.

त्या फोनवर दुसरं सॉफ्टवेअर घालायचं तर खरोखरच दुसरा मार्ग नव्हता. बूटलोडर परकं काही घेत नसे. म्हणून आधी रूट मिळवायचं, त्या जोरावर वेगळी रिकव्हरी बसवायची आणि मग सायनोजेनमॉड. माझ्या डोक्यात समीकरण बसलं ते तिथेच.

आपल्यासारख्यांना रूटची ओढ लागायला आणखी एक कारण होतं, ते म्हणजे देवनागरी. नव्या मंडळींना हे खरं वाटणार नाही, पण ॲंड्रॉइड २ च्या काळात बहुतेक फोनवर मराठी पान उघडलं की नुसते चौकोन दिसत. एक उपाय ऑपेरा मिनीचा होता. पत्त्याच्या जागी 'ऑपेरा:कॉन्फिग' असं इंग्रजीत लिहून तिथला एक पर्याय बदलायचा, की अक्षरं त्यांच्या सर्व्हरवरून चित्र म्हणून येत. हळू, पण अचूक. दुसरा उपाय मर्दानी :-) फोन रूट करून सिस्टिमच्या फोल्डरमध्ये देवनागरी अक्षरं असलेला फाँट टाकायचा. मी अर्थातच दुसरा केला. चौकोन गेले, पण फोनला अक्षरं जोडायची अक्कल नव्हती. ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसे, जोडाक्षरांचे पाय मोडून सगळी सुटी सुटी. 'स्त्री' वाचायला तीन ठेचा. हिचं म्हणणं पडलं, "यापेक्षा चौकोन बरे होते."

हे दुखणं पुढे आपोआप गेलं. २०११ च्या ॲंड्रॉइड ४ मध्ये देवनागरी आली, २०१४ च्या ५ मध्ये तर सेटिंगमध्ये 'मराठी' असा पर्यायच मिळाला. म्हणजे रूट ठेवायचं माझं सर्वांत जुनं कारण तेव्हाच संपलं होतं. पण सवय! जाहिराती अडवायला रूट हवं, बॅकअपला रूट हवं, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

मौज म्हणजे रॉम बनवणाऱ्यांनीच तोवर रूटचा नाद सोडला होता. सायनोजेनमॉडने २०१२ मध्ये नवव्या आवृत्तीपासून रूट मुळात बंद ठेवायला सुरुवात केली. ज्याला हवं त्याने सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं. लाखो फोनांवर सगळ्या दारांच्या किल्ल्या टांगून ठेवणं बरोबर नाही, असा त्यांचा विचार होता. २०१६ च्या नाताळात सायनोजेन बंद झालं आणि लिनेजओएस आलं. त्यात रूट नव्हतंच. वेगळी पुडी मिळायची, तीही २०२० च्या १७.१ पासून बंद झाली. आणि मी पठ्ठ्या दरवेळी वरून मॅजिस्क टाकून ते परत आणत होतो.

किल्ल्यांचंच उदाहरण पुढे नेतो. ॲंड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला स्वतंत्र खोली असते, लिनक्सच्या भाषेत स्वतंत्र युजर. एकाने दुसऱ्याच्या खोलीत डोकावायचं नाही. रूट म्हणजे सगळ्या खोल्यांचा जुडगा. रॉम बदलणं म्हणजे अख्खी इमारत बदलणं, ते बाहेरून होतं. नव्या इमारतीत राहायला लागल्यावर जुडगा खुंटीला टांगून ठेवायची गरजच काय? बँकेचं ॲप हेच बघतं की या इमारतीत कुणाकडे जुडगा आहे का. असला तर ते राहायला येत नाही. त्याचं काय चुकलं?

आता ते दहा हजार पौंड. २०२१ च्या जूनमध्ये आम्ही रेडिंगमध्ये घर घेत होतो, फ्लॅट विकून. किंमत साडेचार लाख. तेव्हा स्टॅंप ड्यूटीची सवलत चालू होती, हे बऱ्याच जणांना आठवत असेल. ३० जूनपर्यंत व्यवहार पूर्ण झाला तर आम्हाला शून्य आणि १ जुलै उजाडला तर दहा हजार. अर्ध्या इंग्लंडची तीच घाई, सॉलिसिटर फोन उचलायला तयार नाहीत. आमचं कम्प्लिशन नेमकं बुधवारी ३० तारखेला ठरलं आणि वरची रक्कम मंगळवारी दुपारपर्यंत सॉलिसिटरच्या खात्यात हवी होती.

मंगळवारी सकाळी बँकेचं ॲप उघडलं, तर 'तुमचं उपकरण सुरक्षित नाही'. रात्रीत ॲप आपलं आपण अपडेट झालं होतं. तोवर मी मॅजिस्कची लपवाछपवी वापरून त्याला फसवत होतो. त्या दिवशी ते फसलं नाही. ब्राउझरमधून प्रयत्न केला, तर मंजुरी द्यायची परत त्याच ॲपमधून. बँकेला फोन केला तर पन्नास मिनिटं संगीत. गावातली शाखा दोन वर्षांपूर्वीच बंद झालेली. ही समोर उभी होती, काही बोलली नाही, आणि तेच जास्त वाईट होतं.

शेवटी आठवलं, खूप पूर्वी बँकेने पोस्टाने पाठवलेला कार्ड रीडर कुठल्यातरी खणात पडला असेल. घर आवरून सगळी खोकी भरलेली! सातव्या खोक्यात तो सापडला, पण सेल मेलेले. धाकट्याच्या एका गाणाऱ्या खेळण्यातले चपटे सेल काढले, ते नेमके बसले. पैसे बारा वाजून वीस मिनिटांनी गेले. किल्ल्या दुसऱ्या दिवशी हातात आल्या. खेळणं मात्र पुन्हा गायलं नाही.

संध्याकाळी भाच्याला ही कथा रंगवून सांगितली. तो तेव्हा कव्हेंट्रीला एम.एस्सी. करत होता. मला वाटलं तो बँकेला शिव्या घालेल. तो म्हणाला, "पण मामा, तू रूट ठेवलंस कशाला?"

"अरे, मग लिनेज कसं चालणार?"

"लिनेजला रूट लागतच नाही! मॅजिस्क काढून टाक, बाकी सगळं आहे तसं राहील."

आणि खरंच राहिलं. मॅजिस्कच्या ॲपमध्येच पूर्ण काढून टाकायचा पर्याय आहे. ते मूळ बूट इमेज परत ठेवतं. दहा मिनिटांत रूट गेलं, डेटा जागच्या जागी, आणि बँकेचं ॲप मुकाट्याने उघडलं. जाहिरातींसाठी ॲंड्रॉइड ९ पासून 'प्रायव्हेट डीएनएस' आहेच, त्यात जाहिराती गाळणाऱ्या सेवेचं नाव घातलं की झालं. बॅकअपला लिनेजमध्येच सीडव्हॉल्ट आहे. टायटॅनियम बॅकअपइतकं ते दणकट नाही, एखाददुसरं ॲप त्यातून सुटतं. पण चालतं.

नव्याने करणाऱ्यांसाठी आता. लॅपटॉप आणि चांगली केबल घ्या. आधी फोनमधलं सगळं उतरवून ठेवा, कारण बूटलोडर अनलॉक केला की फोन पूर्ण पुसला जातो. ही खोड नव्हे, सोय आहे, नाहीतर चोराने अनलॉक करून तुमचे फोटो पाहिले असते. मग लिनेजची रिकव्हरी चढवायची आणि तिच्यातून रॉम. गूगलची ॲप हवी असतील तर ती पुडी फोन पहिल्यांदा चालू करण्याआधीच चढवा. मी एकदा उतावीळपणे आधी फोन चालू केला आणि सगळं पुन्हा पुसावं लागलं. या साऱ्यात रूट कुठेही येत नाही. डेव्हलपर पर्यायांत 'रूटेड डीबगिंग' असं बटण दिसेल, त्याला हात लावू नका. काम झाल्यावर डेव्हलपर पर्यायच बंद करा, कारण भारतातल्या काही बँकांची ॲप तेवढ्यावरूनही रुसतात.

फोन इथल्या नेटवर्कच्या दुकानातून घेतला असेल तर आधी एक तपासा. ऑफकॉमने १७ डिसेंबर २०२१ पासून लॉक केलेले फोन विकायला बंदी घातली, पण ती सिमच्या लॉकबद्दल. बूटलोडरचं कुलूप वेगळं. 'ओईएम अनलॉकिंग' करडं दिसत असेल आणि दाबलं जात नसेल तर ते घर बंद समजा. माझ्या एका सहकाऱ्याने असाच सेकंडहँड फोन घेतला आणि तो तसाच पडून आहे.

रूट नसलं म्हणजे सगळं सुरळीत, असं मात्र नाही. मित्रालाही हेच सांगायचं राहून गेलं. काही ॲप फक्त रूट शोधतात, ती चालतात. काही गूगलच्या प्ले इंटेग्रिटीला विचारतात की फोन मूळ अवस्थेत आहे का, आणि अनलॉक बूटलोडर दिसला की दार लावतात. दुकानात फोन टेकवून गूगल वॉलेटने पैसे देणं तर विसराच. मी खिशात कार्ड ठेवतो, ट्यूबलाही तेच टेकवतो. आणि लिनेज टाकून बूटलोडर परत लॉक करायला जाऊ नका, बहुतेक फोन त्यात दगड होतात. म्हणजे दाराला कडी राहत नाही. लंडनमध्ये सायकलवरून फोन हिसकावून नेतात, हे लक्षात घेऊन ज्याचं त्याने ठरवावं.

मी स्वतः गेल्या दोन वर्षांपासून पिक्सेलवर ग्राफीनओएस वापरतो. तिथे बूटलोडर परत लॉक करता येतो आणि रूट द्यायचंच नाही असा त्यांचा बाणा आहे. इथल्या बँकेचं ॲप चालतं, भारतातल्या एका बँकेचं चालत नाही. २०२३ पासून एनआरओ खातं इथल्या मोबाइल नंबरावर यूपीआयला जोडता येतं, ही सोय मला हवी होती. त्यासाठी हिच्या साध्या, न छेडलेल्या फोनचा आश्रय घेतो. तिला हे सांगायला फार आवडतं.

जुन्या फोनवाल्यांनी आणखी एक बघा. इथल्या सगळ्या नेटवर्कनी आता थ्री-जी बंद केलं आहे. त्यामुळे रॉमवर व्होल्टी चालत नसेल तर फोन टू-जीवर घसरतो, आणि नेटवर्ककडे टू-जीही नसेल तर इंटरनेट चालतं पण साधा कॉल लागत नाही. आई इथे आली तेव्हा तिला दिलेल्या फोनचं हेच झालं. ती बिचारी आठवडाभर समजत होती की मीच उचलत नाही. म्हणून रॉम टाकल्यावर पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲप बंद करून साधा कॉल लावून पाहा.

मित्राचा फोन पुढच्या रविवारी करायचा ठरलाय. फोटो उतरवायचं काम वहिनींनी हाती घेतलंय, मुलीच्या बारशाचे फोटो फक्त त्या फोनवरच आहेत म्हणे. ते दुसरीकडे उघडून बघितल्याशिवाय केबल लावू देणार नाही, असं त्यांनी मला बजावलं आहे.