उष्टावणाची वाटी आणि ॲलर्जीची धास्ती

वाकडमधल्या एका घरी आम्ही उष्टावणाला गेलो होतो. सहा महिन्यांच्या बाळाने चांदीच्या वाटीतली खीर चाटली आणि घरात वाद सुरू झाला. आजी म्हणाली, "आता हळूहळू मऊ भातात शेंगदाण्याचे कूट घालू." बाळाची आई दचकली. "नको हो आई, ॲलर्जी होईल. शेंगदाणे आणि अंडे तीन वर्षांपर्यंत नाही!"

कोणाचे बरोबर?

आईची भीती निराधार नव्हती. घरात ॲलर्जी असलेल्या बाळांना अंडे दोन आणि शेंगदाणे तीन वर्षांपर्यंत देऊ नयेत, असा सल्ला अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2000 साली दिला होता. पुरेसा पुरावा नसल्याने 2008 साली तो मागे घेतला गेला. त्याच वर्षी एक तुलना प्रसिद्ध झाली. ब्रिटनमधील ज्यू मुलांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी इस्राएलमधील ज्यू मुलांच्या सुमारे दहापट आढळली. इस्राएलमधली बाळे पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचा खाऊ खात होती!

पण तुलना म्हणजे प्रयोग नव्हे. म्हणून लंडनमध्ये 640 बाळांवर प्रयोग झाला. ही 4 ते 11 महिन्यांची, तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली बाळे होती. निम्म्यांना शेंगदाणे नियमित दिले, निम्म्यांना मुळीच दिले नाहीत. निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. पाच वर्षांची होईपर्यंत न खाणाऱ्यांपैकी सुमारे 17 टक्के मुलांना, तर खाणाऱ्यांपैकी सुमारे 3 टक्के मुलांनाच ॲलर्जी झाली.

असे का व्हावे? ॲलर्जी म्हणजे प्रतिकारशक्तीने निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजणे. आतड्यातून आलेल्या अन्नाशी जुळवून घ्यायला शरीर शिकते. पण इसबाने भेगाळलेल्या त्वचेतून त्याच अन्नाचे कण आत शिरले, तर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. घरात सगळे शेंगदाणे खातात, म्हणजे कण हवेत, हातांवर, अंथरुणावर असतातच. बाळाच्या पोटात मात्र ते जात नाहीत. ओळख चुकीच्या दाराने होते, असे शास्त्रज्ञांना वाटते.

मग करायचे काय? सहा महिने पूर्ण झाल्यावर स्तनपान चालू ठेवून वरचे अन्न सुरू करावे. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा या सुमारास संपत येतो. नवा पदार्थ एका वेळी एकच, थोडासा, दिवसा द्यावा. अंडे पूर्ण शिजवलेले असावे. अख्खा शेंगदाणा मात्र कधीच नको, तो श्वासनलिकेत अडकतो. अगदी बारीक कूट खिमटीत नीट कालवून द्यावे. मध वर्षभर देऊ नये. त्याचे कारण ॲलर्जी नाही, तर त्यात असू शकणारे बोट्युलिझमचे जिवाणू. तीव्र इसब असेल किंवा एखाद्या पदार्थाने आधी त्रास झाला असेल, तर डॉक्टरांना विचारूनच शेंगदाणे सुरू करावेत. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, वारंवार उलट्या झाल्या तर डॉक्टरांकडे जावे. श्वास लागला किंवा बाळ मलूल झाले तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. टोमॅटोने तोंडाभोवती आलेली लाली मात्र बहुधा नुसती जळजळ असते.

भीतीपोटी बाळाला महिनोन् महिने वरणाच्या पाण्यावर ठेवणे हेही नुकसानच. वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. एका चमच्यात वरणावरची निवळ, दुसऱ्यात घोटलेला वरणभात घ्या आणि दोन्ही चमचे तिरके करा. निवळ वाहून जाते, वरणभात टिकून राहतो. बाळाचे पोट लहान असते. ते पाण्याने भरले तर ऊर्जा आणि प्रथिने कुठून मिळणार? विद्यार्थ्यांना घरी विचारायला सांगा: आमचे उष्टावण कधी झाले, नंतर काय काय भरवले, काय टाळले आणि का?

वाकडच्या घरात आजीचे कूट बरोबर ठरले. एकेक पदार्थ जपून देण्याची आईची काळजीही बरोबर होती. दोघींनी मिळून वाटी भरावी, एवढेच.