जलरंगात आपले घर काढताना

आपल्या जोयडा तालुक्याचे जुने नाव सुपा. काळी नदीवरच्या धरणाच्या पाण्याखाली सुपा गाव गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. १०१ मीटर उंचीचे ते धरण १९८७ मध्ये पूर्ण झाले. विस्थापितांपैकी अनेक कुटुंबे रामनगरला वसली. सुप्यातली घरे कशी होती, ओसरी कुठल्या अंगाला होती, हे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. त्या काळी घरोघरी कॅमेरे नव्हते. जुना फोटो असलाच तर तो लग्नाचा असतो; त्यात माणसे दिसतात, घर दिसत नाही.

आज उभी असलेली कौलारू घरेही एकेक करून उतरत आहेत, त्यांच्या जागी स्लॅब येत आहे. म्हणून आम्ही काही निवृत्त मंडळींनी जलरंग शिकायला घेतले, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना उपयोगी पडेल असे काही येथे मांडत आहोत.

सामान थोडेच लागते. कागद मात्र ३०० जीएसएमचा घ्यावा. पातळ कागद पाणी लागताच फुगतो आणि रंग खळग्यात साचतो. कागद पाटावर चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावावा. ४, ८ आणि १२ नंबरचे गोल ब्रश पुरतात. रंग पाच-सहाच असावेत: लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, क्रिमझन आणि अल्ट्रामरीन ब्लू. तयार हिरवा घेऊ नये. आपल्या रानातला हिरवा एका बाटलीत मावत नाही. तो पिवळा आणि निळा मिसळूनच करावा, थोडा बर्न्ट सिएना घातला की तो मातीशी जुळतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून पावसाळी ढगांचा राखाडी मिळतो.

रंगाआधी रेषा. जवळची वस्तू मोठी आणि लांबची लहान दिसते, ती कागदावर तशीच उतरवण्याच्या शास्त्राला यथार्थदर्शन म्हणतात. चित्रकार मंडळी पर्स्पेक्टिव्ह म्हणतात. इटलीत ब्रुनेलेस्की या वास्तुविशारदाने पंधराव्या शतकात त्याचे नियम दाखवून दिले आणि अल्बर्तीने १४३५ मध्ये ते ग्रंथात मांडले. नियम अनेक असले तरी नवशिक्याने एकच गोष्ट पक्की धरावी: आपल्या डोळ्यांची पातळी.

पट्टी डोळ्यांसमोर आडवी धरा. ती समोरच्या घराला जिथे छेदते, तिथे कागदावर हलकी आडवी रेघ मारा. आपण खुर्चीवर बसलो तर ही रेघ खाली येते, उभे राहिलो तर वर जाते. घराची कोपऱ्याकडची बाजू आपल्यापासून लांब जाते, तेव्हा या रेघेच्या वरच्या सगळ्या आडव्या रेषा, म्हणजे आढे आणि वळचण, लांब जाताना खाली उतरतात. रेघेच्या खालच्या, म्हणजे जोत्याच्या आणि पायरीच्या, वर चढतात. त्या सगळ्या रेघेवरच्या एका बिंदूकडे धावतात. कॅसलरॉकच्या फलाटावर उभे राहून रुळांच्या सरळ भागाकडे पाहिले, की हा बिंदू डोळ्यांना दिसतो.

आपल्या डोंगराळ भागात एक गंमत होते. घर चढावर आणि आपण खाली बसलेलो असलो, तर डोळ्यांची रेघ जोत्याच्याही खाली पडते. मग जोत्याची रेषासुद्धा खालीच उतरते. पुस्तकातल्या सपाट रस्त्यावरचे घर पाठ करून आलेला इथे अडखळतो. रेघ आधी मारणारा अडखळत नाही.

दुपाखी छपराचे टोक कुठे घ्यायचे, हा पुढचा प्रश्न. बाजूच्या भिंतीचा चौकोन काढून त्याचे दोन कर्ण जोडा. ते छेदतात तिथून सरळ वर उभी रेषा न्या. आढ्याचे टोक त्याच रेषेवर येते. पट्टीने मोजून मध्य काढला तर तो चुकतो, कारण भिंतीचा जवळचा अर्धा भाग मोठा दिसतो.

माणसे काढायची तर आणखी सोपे. सपाट जागी उभे राहून पाहिले, तर आपल्याएवढ्या उंचीच्या, उभ्या असलेल्या सगळ्यांचे डोळे त्याच रेघेवर येतात, मग माणूस दहा पावलांवर असो की शंभर. माघातली उळवीची जत्रा काढायला एवढे पुरते: डोकी एका रेघेत, पाय लांबच्यांचे वर, जवळच्यांचे खाली.

आता रंग. जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. ती आपली शिल्लक. एकदा खर्च झाली की पुन्हा जमा होत नाही. भिंतीवरचे ऊन, पाण्यावरची चमक आधीच राखून ठेवावी. फिक्याकडून गडदाकडे आणि लांबून जवळ असे यावे. लांबचा डोंगर फिका निळसर दिसतो, कारण मधल्या हवेतून निळा प्रकाश विखुरतो आणि दमट हवेत धूसरपणा वाढतो. काळीच्या खोऱ्यात एकामागे एक डोंगर असल्याने हे शिकायला बाहेर जावे लागत नाही. पहिला थर पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यावा. हाताची पालथी बाजू टेकवली आणि कागद गार लागला, तर तो अजून ओला आहे. आपल्या पावसाळ्यात यासाठी तासभरही थांबावे लागते. तेवढ्यात धुके मात्र ओल्या कागदावर रंग सोडून छान साधते.

जलरंगाची ताकद पाहायची तर म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये जावे. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे ‘ग्लो ऑफ होप’ हे तिथले चित्र पुष्कळांना राजा रविवर्म्याचे वाटते. ते सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे आहे आणि जलरंगातले आहे. त्यासाठी त्यांची मुलगीच समोर उभी राहिली होती. घरचा विषय लहान नसतो, हे त्यावरून कळते. अभ्यासासाठी मिलिंद मुळीक यांची जलरंग आणि पर्स्पेक्टिव्हवरची पुस्तके चांगली आहेत.

चित्र झाले की मागे पेन्सिलीने गावाचे नाव, घर कुणाचे आणि तारीख लिहावी. घरातल्या आजी-आजोबांना ते दाखवावे. खिडकी इथे नव्हती, तुळस त्या बाजूला होती, असे ते सांगतील. तेही मागे लिहून ठेवावे. चित्र साधारण जमले असले तरी त्या नोंदी नातवंडांना दुसरीकडे कुठे मिळणार नाहीत.