भय कसे रचले जाते?

विवेकाचा संस्कार देऊ पाहणाऱ्या विद्यालयाच्या स्मरणिकेत भूतकथेवरील लेख पाहून काही वाचकांना आश्चर्य वाटेल. भूत नसते, असे आपण मुलांना शिकवतो. मग भुताच्या गोष्टी त्यांच्या हाती का द्याव्यात, हा प्रश्न रास्तच आहे. आमचे उत्तर असे, की भूत नसले तरी भय असते. ते मनात कसे उभे राहते, हे समजून घ्यायला चांगल्या भयकथेइतके निरुपद्रवी साधन क्वचितच सापडेल.

इंग्रजीतील ‘गॉथिक’ कथेचा आरंभ होरेस वॉलपोल यांच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ या १७६४ सालच्या कादंबरीपासून मानतात. जुने गढीवजा वाडे, भुयारे, बंद दालने हे तिचे साहित्य. पुढे अ‍ॅन रॅडक्लिफ या लेखिकेने एक मार्मिक भेद दाखवला. भयाची चाहूल आणि भीषणाचे प्रत्यक्ष दर्शन या दोन भिन्न गोष्टी आहेत. चाहुलीने मन जागे होते, विस्तारते. दर्शनाने ते आक्रसते, गोठते. उत्कंठेचा सारा व्यवहार चाहुलीच्या बाजूचा आहे.

चार्ल्स डिकन्स यांची ‘द सिग्नलमन’ ही कथा याचा उत्तम नमुना होय. जून १८६५ मध्ये केंट परगण्यातील स्टेपलहर्स्ट येथे झालेल्या रेल्वे अपघातातून डिकन्स स्वतः बचावले होते. त्यानंतरच्या वर्षी, १८६६ च्या नाताळात, त्यांच्याच साप्ताहिकाच्या विशेषांकात ही कथा प्रसिद्ध झाली. तिच्यात पडका वाडा नाही. त्याच्या जागी त्या काळी नवाच असलेला लोहमार्ग आहे.

पहिले साधन स्थळाचे. डोंगर खोल कापून काढलेली वाट, दोन्ही बाजूंना ओल झिरपणाऱ्या दगडी भिंती, डोक्यावर आकाशाची चिंचोळी पट्टी, समोर बोगद्याचे काळे तोंड आणि तेथे एक लाल दिवा. नजर जाईल तेथे अडते. काही घडण्यापूर्वीच वाचक कोंडला जातो.

दुसरे साधन साक्षीदाराचे. येथला सिग्नलमन अडाणी किंवा भोळा नाही. तो शिकलेला, काटेकोर आणि कर्तव्यदक्ष आहे. असा माणूस बोलता बोलता दोनदा थांबतो आणि न वाजलेल्या घंटीकडे पाहतो. निवेदक हे टिपतो, पण कारण त्या रात्री कळत नाही. ते दुसऱ्या भेटीवर ढकलले जाते. उत्तर लांबवणे हे तिसरे साधन. प्रश्न आधी मनात रुजतो, उत्तर मागाहून येते, आणि मधल्या वेळात वाचकाची कल्पना स्वतःच काम करू लागते.

चौथे साधन पुनरावृत्तीचे. पण प्रत्येक खेपेस थोडा फरक करून. बोगद्याच्या तोंडाशी एक आकृती दिसते, डोळ्यांवर एक हात धरून दुसरा जोराने हलवते, आणि सहा तासांच्या आत मार्गावर भीषण अपघात होतो. काही महिन्यांनी ती पुन्हा दिसते, या वेळी मूक, दोन्ही हातांनी चेहरा झाकलेली. त्याच दिवशी गाडीच्या डब्यात एका तरुणीचा मृत्यू होतो. आता ती तिसऱ्यांदा येऊ लागली आहे. धोका कोणता, कोठे, कोणाला? सिग्नलमनला ठाऊक नाही. तारेने इशारा द्यावा तर कारण काय सांगणार? लोक वेडा ठरवतील. कथेचे खरे भय आकृतीत नसून या अर्धवट ज्ञानात आहे. रक्षणाची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याच्याच हाती काही उरलेले नाही.

पाचवे साधन सर्वांत सूक्ष्म आहे. डिकन्स विवेकाला कथेबाहेर हाकलत नाहीत. हा दृष्टीचा विकार असेल, तो आवाज तारांतून वाहणाऱ्या वाऱ्याचा असेल, घटना योगायोगाच्या असतील, असे निवेदक परोपरीने समजावतो. अखेरीस सिग्नलमन इंजिनाखाली सापडून मरतो. इंजिन चालवणाऱ्याने मारलेली हाक आणि केलेला हातवारा हुबेहूब त्या आकृतीचाच होता, असे कळते. लेखक याचा निवाडा करत नाहीत. दोन्ही दारे उघडी ठेवून ते निघून जातात.

आता हीच साधने पुस्तकाबाहेर शोधून पाहावीत. भोंदू बाबाही स्थळ निवडतो, विश्वासू साक्षीदार उभा करतो, अर्धेच सांगतो आणि पुढच्या अमावास्येपर्यंत थांबायला लावतो. खरे ठरलेले योगायोग तो मोजतो, फसलेले विसरायला लावतो. फरक इतकाच, की लेखक ‘ही कथा आहे’ असे आधीच सांगतो. भोंदू ते लपवतो आणि त्याची किंमत एखाद्या गरीब कुटुंबाला मोजावी लागते. ही घडण ज्याने कथेत एकदा ओळखली, त्याला ती अंगणातही ओळखता येईल, अशी आमची आशा आहे.

मज्झिम निकायातील भयभेरव सुत्तात तथागतांनी बोधिप्राप्तीपूर्वीचा स्वतःचा अनुभव सांगितला आहे. रात्री अरण्यात राहत असता एखादे जनावर जवळ येई, मोर फांदी मोडी, वारा पाने सळसळवी, आणि मनात येई की भय म्हणतात ते हेच तर नव्हे? तेव्हा चालत असतील तर चालतानाच, बसले असतील तर बसूनच ते त्या भयाला सामोरे जात. त्याचे शमन होईपर्यंत आसन बदलत नसत. भय येते हे त्यांनी नाकारले नाही. त्यांनी ते निरखले.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे, की मुलाच्या हातातील भयकथा काढून घेऊ नये. त्याच्याशेजारी बसून ती वाचावी. ऐन उत्कंठेच्या जागी थांबून तीन प्रश्न विचारावेत: आतापर्यंत नक्की काय घडले? ते कोणी सांगितले? आणि आपण मनाने काय भरले? मग पान उलटावे. गोष्टीची गोडी याने कमी होत नाही, आणि दिवा मालवल्यावर मूल अंधाराकडे अधिक शांतपणे पाहू शकते.